शर्ट उलटा करून पाहा

पालकहो,

दसऱ्यापासून लग्नसराई संपेपर्यंत तिवस्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात जे आई-बाबा येतात, त्यांचं निम्मं बोलणं मापाबद्दल नसतं, पोरांबद्दल असतं. "काकू, आता शिवलेलं घालतच नाही म्हणते. ब्रँडेडच पायजे." "दोन हजाराचा शर्ट मांगून रायला. दोन हजारात आम्ही नवरा-बायको वर्ष काढतो." "नाही म्हटलं का दोन दिवस तोंड फुगवून बसते पोट्टी." एक भाऊ तर म्हणाले, "तुम्हीच सांगजा त्याले, तुमचं ऐकन तो." पोराला मी काही सांगितलं नाही. जे बोलायचं आहे ते तुमच्याशीच आहे.

सगळ्यात आधी हे मान्य करू, की नावाचा कपडा मागणारं पोर काही खुळं नसतं. अंगावर नामांकित चिन्ह असलं की लोक वेगळे वागतात, हे त्याने पाहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या नेलिसन आणि मायर्स या दोन संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक तरुणी बाजारपेठेत येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून 'एवढी प्रश्नावली भरून देता का' असं विचारत होती. स्वेटर तोच, कधी त्यावर मोठ्या ब्रँडचं चिन्ह, कधी कोरा. चिन्ह होतं तेव्हा निम्म्याहून जास्त लोक थांबले. कोरा होता तेव्हा सातांत एखादाच. लोकर तीच, पोरगीही तीच. तिवस्यात याहून वेगळं काय घडतं? मांडवात पुढची खुर्ची कोणाला मिळते ते आपण बघतोच की. तेव्हा 'कपड्यानं काय फरक पडतो' असं पोराला सांगू नका. त्याला फरक दिसलेला असतो, आणि आपण खोटं बोलतोय हेही त्याला लगेच कळतं.

दुसरं, संतांचा धाक दाखवू नका. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम तर आपल्या तालुक्यात, मोझरीला. त्यामुळे पोराने ब्रँडचं नाव काढलं की 'गाडगेबाबा चिंध्यांवर राहिले' हे आपल्या तोंडी येतंच. पण गाडगेबाबा कीर्तनात काय सांगत, ते जरा आठवा. ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोरांना शाळेत घाला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय असे. कपड्यातले पैसे वाचवून शिक्षणात घालण्याचा तो सरळ हिशेब होता, आणि तो त्यांनी मोठ्यांना सांगितला होता. आपण मात्र तो पोरांना ऐकवतो, आणि पुतण्याच्या लग्नात स्वतः आठ हजारांची साडी नेसून एकदाच मिरवतो. पोरं हेही बघत असतात.

मग पोराला सांगायचं तरी काय? माझं म्हणणं एवढंच, की 'महाग वाईट, स्वस्त चांगलं' असा पाढा शिकवू नका. किंमत कशाकशाची बनते ते शिकवा. आणि ते शिकवायला वऱ्हाडाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण शर्टाची सुरुवातच आपल्या वावरात होते.

पोराला घेऊन वहीवर मांडाच. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, म्हणजे किलोला ८१. क्विंटलभर कापूस जिनिंगमधून काढला की साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी मुख्यतः सरकी. पूर्ण बाह्यांच्या सुती शर्टाला लागणारं कापड भरतं पाव किलोच्या आसपास. सूतकताईतली आणि कटिंगमधली तूट धरली तरी एका शर्टामागे किलोभर कापूस पुरतो. जीन्सला अडीच किलो धरा. म्हणजे शर्ट ४०० चा असो नाहीतर ४,००० चा, वावरातून त्यात गेलेला माल ऐंशी रुपयांच्या आगेमागेच. तोही हमीभाव पदरात पडला तर. वेचाई, फवारणी, बियाणं सगळं त्यातच. ज्या घरात कापूस पिकतो त्या घरच्या पोराला हा हिशेब पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. बापाने वर्षभर राबून काढलेल्या मालाचा त्या लेबलाच्या किमतीत वाटा किती, हे त्याचं त्यालाच दिसतं.

पुढचा प्रवास एसटीच्या खिडकीतून दाखवता येतो. अमरावतीला जाताना मोझरी मागे पडली की नांदगाव पेठ येते. तिथल्या एमआयडीसीत रेमंड, सियाराम अशा कंपन्यांचे कापडाचे कारखाने आहेत. केंद्राचा पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क तिथेच १,००० एकरांवर व्हायचा आहे. त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. आणि त्याच रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँड ही ठोक कपड्यांची मार्केटं, जिथून जिल्ह्यातले आणि आजूबाजूचे दुकानदार गठ्ठे भरून नेतात. वावर, जिनिंग, कापड, ठोक बाजार, सगळं तासाभराच्या वाटेवर. पोराला विचारा, यातल्या कोणत्या टप्प्यावर शर्ट एकदम हजाराने महाग होतो? कुठेच नाही. तो महाग होतो त्यानंतर, काचेच्या दुकानात.

आता दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे सांगायला हवी. स्वस्त आणि महाग यांत काहीच फरक नसतो, असंही नाही. तीनशेच्या शर्टावरून हजाराच्या शर्टावर गेलं की हाताला फरक लागतो. सूत विंचरलेलं असतं, वीण घट्ट असते, रंग पक्का असतो, कॉलरमधलं बकरम धुण्यात फुगत नाही, शिलाईला वेळ दिलेला असतो. हे पैसे वसूल होतात. पण हजाराच्या वर गेलं की कापड जितकं सुधारतं त्याच्या कितीतरी पट किंमत चढते. तो वरचा पैसा जातो मॉलच्या भाड्याला, जाहिरातीतल्या नटाला, आणि न खपलेला माल पुढे सेलमध्ये निम्म्यात काढावा लागतो त्याच्या भरपाईला. वर सरकारचा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. म्हणजे मूळ किंमत २,५०० असली तर शर्ट २,६२५ ला पडतो आणि २,६०० असली तर थेट ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाने खिशातून ४४३ रुपये जास्त गेले. त्यातले ३४३ नुसत्या कराचे, कापडाचे नाहीत.

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात टी-शर्ट प्रयोगशाळेत धुऊन, घासून, ताणून पाहिले गेले. किंमत आणि टिकाऊपणा यांचा मेळ काही बसला नाही. काही स्वस्त टी-शर्ट कितीतरी महागांना भारी पडले. मशीनवर बसणाऱ्या कुठल्याही बाईला हे नवं वाटणार नाही. दुरुस्तीला माझ्याकडे मॉलमधले कपडेही येतात आणि आठवडी बाजारातलेही. काखेत उसवलेला मुंढा बिल विचारत नाही.

मग चांगला कपडा ओळखायचा कसा? लेबल बाजूला ठेवा आणि शर्ट उलटा करा. हे पोराच्या हातूनच करवून घ्या.

आधी कुशीची शिलाई बघायची. कापडाची कड आत दुमडून दुहेरी शिलाई मारली असेल तर कारागिराने वेळ घेतलाय. नुसतं ओव्हरलॉक फिरवून सोडलं असेल तर माल घाईचा. मग टाके मोजायचे. मोजपट्टीचा एक इंच धरून बाराच्या वर टाके असतील तर उत्तम. सात-आठच असतील तर पाठीत जोर आला की शिलाई दात दाखवणार. चौकडीचा शर्ट असेल तर खिशाची चौकडी अंगाच्या चौकडीशी जुळते का पाहा. ती जुळवायला कापड जास्त लागतं आणि डोकंही, म्हणून स्वस्त मालात तिथेच काटकसर होते. बटण चिमटीत धरून हलकेच ओढा. काजाच्या कडेला दोरे लोंबत असतील तर चार धुण्यांत काज फाकतं. कापड मुठीत घट्ट धरून सोडा, चुरगळा किती पडतो आणि किती राहतो ते बघा. उजेडासमोर धरा, वीण एकसारखी आहे की कुठे दाट कुठे विरळ. ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने घासा. रुमालावर रंग उतरला तर घरी बादलीतही उतरणारच.

आतल्या पट्टीवर कापूस किती आणि पॉलिएस्टर किती ते छापलेलं असतं. भरवसा नसेल तर घरी आणल्यावर आतल्या शिलाईच्या कडेचा कापडाचा एक धागा उपसून, मोठ्या माणसाच्या देखरेखीत, काडीपेटीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. पॉलिएस्टर वाईटच असतं असं नाही. ते लवकर वाळतं, इस्त्री मागत नाही, टिकतंही जास्त. पण मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की आपल्याकडे अंगावर काय घालावंसं वाटतं, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. एवढं सगळं पाहायला पाच मिनिटं लागतात. ज्या पोराने दहा शर्ट असे उलटे करून पाहिले, त्याला नंतर दुकानदार काय सांगतो याची फारशी गरज उरत नाही.

याच कसोटीवर महाग कपडा कुठे पैसे वसूल करतो हेही कळतं. हातमागावरची अस्सल पैठणी घ्या. पदर उलटा करा, मागची नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण एकेक रंगाचा धागा हाताने फिरवून ती विणलेली असते. यंत्रमागाच्या पैठणीत मागे सुटे दोरे दिसतात, नाहीतर ते कापलेले असतात. एका साडीवर विणकर आठवडे न् महिने बसतो. तिची किंमत त्याच्या मजुरीची आहे. विदर्भातल्या करवतकाठीचंही तसंच. परवडत असेल तर तिथे हात आखडू नका, आणि मुलीला दोन्ही पदर शेजारी ठेवून दाखवा. महाग असण्यालाही सबळ कारण असू शकतं, हे तिला कळलं पाहिजे. नाहीतर ती 'आई चिंगूस आहे' एवढंच शिकेल.

आता आपल्या घरांत हमखास चुकतं ते सांगते. जो कपडा सर्वांत जास्त घातला जातो, त्यावर आपण सर्वांत कमी खर्च करतो. गणवेश आठवड्यातून पाच-सहा दिवस अंगावर असतो, तोच मिळेल त्या भावात घेतो. सरकारनेही वेगळं काही केलेलं नाही. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांचे मिळून वर्षाला ६०० रुपये धरलेले आहेत. मधे २०२४-२५ ला राज्यभर एकच गणवेश शिवून वाटायचा बेत झाला, मापाच्या आणि शिलाईच्या तक्रारी आल्या, आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. उलट लग्नासाठी घेतलेला चार हजारांचा कोट-जाकीट दोनदा अंगावर चढतो आणि पुढच्या वर्षी बाह्या मनगटाच्या वर येतात. तेरा ते सोळा या वयात पोरं अशी वाढतात की महाग कपडा विरण्याआधीच तोकडा होतो. म्हणून रोजचं जे आहे, गणवेश, आतले कपडे, चप्पल-बूट, दप्तर, रेनकोट, ते चांगलं घ्या. एकदाचं जे आहे ते भाड्याने आणा, भावंडांत फिरवा, नाहीतर साधं घ्या. आणि वाढत्या पोराची पँट घेताना पायाची दुमड उलटून बघा. आत दीड-दोन इंच कापड असेल तर पुढच्या वर्षी सोडता येतं. अर्ध्या इंचावर कापलेलं असेल तर मीच काय, कोणताही टेलर काही करू शकत नाही.

भाव करताना भागाकारही शिकवा. समजा ४०० चा टी-शर्ट वीस वेळा घालून बेढब झाला, तर एका वेळचे वीस रुपये पडले. ९०० चा नव्वद वेळा चालला तर दहा. ३,००० चा शंभर वेळा चालला तर तीस. यात मधला जिंकला, पण नेहमी तोच जिंकेल असंही नाही. म्हणून आकडे आपल्या घरचे घालायचे, आपण किती वेळा घालतो आणि किती वेळा धुतो त्याप्रमाणे. मोबाइलवरच्या खरेदीत 'एमआरपी २,४९९, आज फक्त ५९९' असं दिसलं की पोरं हरखतात. त्यांना सांगा, एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, ती किती छापायची हे कंपनीच ठरवते. जो शर्ट बाराही महिने ५९९ ला मिळतो, तो ५९९ चाच आहे.

एक पळवाट मात्र टाळा, 'फर्स्ट कॉपी'ची. पोराचंही मन राहतं आणि खिसाही राहतो, म्हणून आपण नकली चिन्हाचा टी-शर्ट घेऊन देतो. दुसऱ्याच्या नावाचा माल विकणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, पण ते सोडा. पोरांना एकमेकांचं नकली चिन्ह ओळखता येतं. कोऱ्या शर्टाकडे फार तर कोणी बघणार नाही, पण हसणारही नाही. नकलीमुळे मात्र वर्गभर हसं होतं. ज्या अपमानापासून त्याला वाचवायला निघालो, तोच पैसे देऊन घरी आणला.

कारण मुळात पोर कापड मागतच नसतं. त्याला चारचौघांत कमी दिसायचं नसतं. एका आईने मला सांगितलं, तिची नववीतली मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलीच नाही, 'तोच ड्रेस मागच्या वेळीबी घातला होता' म्हणून. त्या पोरीला ब्रँडचा ड्रेस दिला असता तर एक वाढदिवस निभला असता. पुढच्याला काय? अशा वेळी भाषण देऊ नका. 'कोणी काही बोललं काय?' एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. बरेचदा एखादंच नाव निघतं, एखादाच टोमणा. टोमण्याला काय उत्तर द्यायचं हे आईजवळ ठरवता आलं, तर तीन हजारांचा प्रश्न हजारावर येतो. आणि अंगाला नीट बसलेला, स्वच्छ धुतलेला, इस्त्रीचा कपडा चार पावलांवरून नेहमीच भारी दिसतो. चिन्ह वाचायला जवळ यावं लागतं. खांदा नीट बसलाय की नाही ते लांबूनच कळतं. रेडीमेड शर्ट पन्नास-शंभर रुपयांत कुशीत बारीक करून घेता येतो. माझ्याकडून घ्या नाहीतर कोणाकडूनही.

शेवटी पैशाचं. 'पैसे झाडाले लागते काय' हे वाक्य आपण बोलतो, पण घरात किती येतात आणि कुठे जातात हे कधी सांगत नाही. आठवीच्या पुढच्या पोराला सांगायला काहीच हरकत नाही. कापसाचे इतके आले, सोसायटीचे इतके गेले, शिकवणीचे इतके, किराण्याचे इतके. मग दिवाळीच्या कपड्यांसाठी त्याच्या वाट्याला जी रक्कम येते ती त्याच्या हातात द्या. समजा २,५०० आहेत. अट एकच, यात एक रोजची पँट आणि एक रोजचा शर्ट आलाच पाहिजे. उरलेल्याचं काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. सगळ्यात एक ब्रँडचा टी-शर्ट घ्यायचा म्हणाला तर रोजचं कसं भागवणार, एवढंच विचारा. कोणी मागचे जुने चालवतो म्हणेल आणि खरंच चालवेल. कोणी दुकानात जाऊन शर्ट उलटा करेल, परत ठेवेल, दुसरा काढेल. दोन्ही ठीक आहे. निवड फसली, रंग गेला, कापड आटलं, तरी 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका, आणि मध्येच नवीन घेऊनही देऊ नका. पुढच्या सणापर्यंत तो आटलेला शर्टच त्याला शिकवेल.

आणि आपणही त्याच नियमात बसू. या दिवाळीला त्याच्यासारखाच आपलाही कपड्यांचा आकडा वहीत लिहायचा, बाबांचा आणि आईचा. पोरं पुढे अमरावती-पुण्याला शिकायला जातील, तिथे त्यांना कोचिंग क्लास, मोबाइल, गाडी, खोली, सगळं अशाच मोठ्या नावांनी आणि मोठ्या किमतींनी विकलं जाईल. त्या वेळी आपण सोबत नसू. नाव बाजूला सारून आतली शिलाई बघायची सवय आत्ताच, चारशे-पाचशेच्या शर्टावर लागली, तर ती आपल्याला फार स्वस्तात पडली असं समजा.